चान्स घेताना दुखत होतं, केसपेपरवर मात्र कुठंच नव्हतं : सांगलीतलं एक प्रकरण

मी सांगलीत एका स्त्रीरोग दवाखान्यात काउन्सेलिंगचं काम बघते. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या एका नवरा-बायकोचं हे प्रकरण दोघांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असं जे काही आहे, गाव, नोकरी, घरातली माणसं, ते सगळं बदललंय. त्रासाचा क्रम मात्र होता तसाच ठेवलाय, कारण अडचण क्रमातच होती. कशानंतर काय झालं हे सलग कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

पार्श्वभूमी

ती २९ वर्षांची, तो ३३ चा. तासगावकडचं गाव, थोडी द्राक्षबाग, घरात सासू-सासरे आणि धाकटा दीर. नवरा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. लग्नाला तीन वर्षं झालेली, त्यातली पहिली दोन तिचं बीएड होईपर्यंत थांबले होते आणि त्या काळात संबंधात त्रास असा काही नव्हता. हे आधीच सांगते कारण पुढं सगळं ह्यावरच फिरलं, म्हणजे जे काय झालं ते नंतर झालं, मुळात नव्हतं.

चान्स घ्यायला लागून वर्ष होत आलं तशी घरातनं विचारणा सुरू झाली. बाईचं वय ३५ च्या आत असेल तर साधारण वर्षभर वाट बघून तपासण्या करतात आणि ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांनी, त्यामुळं दवाखान्यात गेले ते वेळेतच गेले. पहिल्या ठिकाणी सोनोग्राफी, थायरॉईड, शुगर सगळं नॉर्मल आलं. मग पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस क्लोमिफेन ही अंडं वाढवायची गोळी, अंडं किती वाढलं बघायला एक दिवसाआड सोनोग्राफी, शेवटी अंडं फुटायचं इंजेक्शन, आणि 'आज-उद्या ट्राय करा'. चार महिने हेच. ह्या चार महिन्यांत त्यांना पाळीची तारीख कितीतरी वेळा विचारली गेली, पण 'संबंध ठेवताना काही त्रास होतो का' हे एकदाही नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण बऱ्याचदा शेजारच्या खुर्चीवर सासूबाई असायच्या.

आमच्याकडं आली ती थेट मागणी घेऊन. 'आययूआय करून टाका, आता थांबायचं नाही.' आययूआय म्हणजे नळीनं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं. एवढी घाई का म्हणून विचारलं तर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मी त्याला खाली मेडिकलमधून एक वस्तू आणायला पाठवलं (आमच्या दवाखान्यात ही जुनी युक्ती आहे, वस्तू खरंच लागतेच असं नाही) आणि तो जिना उतरल्यावर ती म्हणाली, 'ताई, तसलं सगळं नको वाटायलंय ओ आता. आग होती नुसती. सुई टोचून काम होत असंल तर तेच बरं.'

नेमका त्रास काय होता

'दुखतं' एवढ्या एका शब्दावर काहीच ठरवता येत नाही. म्हणून मी नेहमी चार गोष्टी विचारते, कुठं, कधी, किती वेळ आणि कधीपासून. टेबलावर एक साधं रेखाचित्र असतं, बोलायला जड जातं तेव्हा बायका त्यावर बोट ठेवतात. तिनं तीन ठिकाणी बोट ठेवलं. सुरुवातीला योनीच्या तोंडाशी आग आणि ओरखडल्यासारखं. नंतर लघवीला जळजळ, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आणि कधीकधी आत खोल डाव्या बाजूला कळ, पाळी जवळ आली की जास्त. म्हणजे हे एक दुखणं नव्हतंच, तीन होती, आणि तिघांची कारणं वेगळी असू शकत होती.

मग क्रम. चान्स घ्यायला लागल्यावर एका नातेवाईक बाईनं सांगितलं होतं की संबंधानंतर उशी घेऊन तासभर पडून राहायचं आणि लघवीला अजिबात जायचं नाही, 'सगळं वाहून जातं'. तशीही त्यांची बाथरूम परसात, तिकडं जायचं म्हणजे सोप्यातनं जायचं आणि सोप्यात सासऱ्यांची कॉट. अपरात्री कडी वाजवायची लाज. म्हणून ती पहाटेपर्यंत लघवी धरून पडून राहायची! जळजळ सुरू झाली तसं घरात म्हणाले उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, मग गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचा कोर्स. पुन्हा झालं, पुन्हा कोर्स. लघवी तपासली कधीच नाही. दुसऱ्या की तिसऱ्या कोर्सनंतर खाज आणि दह्यासारखं पांढरं जायला लागलं. ते घाण वाटतंय म्हणून ती रोज दोन वेळा गरम पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकून धुवायला लागली. मग कातडी चिरायला लागली, आणि मग संबंधाच्या वेळी आग.

एवढ्यात क्लोमिफेन सुरू झालं. हे औषध काही ठिकाणी इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनला अडवतं, त्यामुळं काहीजणींना कोरडेपणा येतो आणि अंडं सुटायच्या दिवसांत जो ओलसर ताणला जाणारा स्त्राव असतो तोही कमी होऊ शकतो. म्हणजे ज्या दिवशी ट्राय करा म्हणून सांगितलं त्याच दिवशी कोरडं, चिरलेलं, आणि वरून 'आज झालंच पाहिजे' हे डोक्यात. शरीर आपोआप आवळून घ्यायला लागलं. इतर दिवशी जवळ यायचंच बंद झालं.

नवऱ्याशी वेगळं बोलले. आधी 'तसं काय नाही' म्हणाला, मग हळूच सांगितलं की तारखेच्या दिवशी तो मुद्दाम ओव्हरटाइम घ्यायचा. 'तिच्या तोंडाकडं बघून मलाच नको व्हायचं मॅडम. आणि टायमिंग लावून बटण दाबल्यासारखं होतंय व्हय?' दोनदा ताठरता राहिली नव्हती, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि ती इकडं धरून बसलेली की ह्यांना मूलच नकोय, नाहीतर नेमकी त्याच रात्री ड्युटी कशी लागती.

तपासणीत काय सापडलं

आमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आतून तपासायची घाई केली नाही. 'थांबा' म्हटलं की हात बाजूला, हे आधी ठरवून घेतलं. फक्त बाहेरून बघितलं, कापसाच्या काडीनं तोंडाभोवती हलकं दाबून कुठं दुखतं ते बघितलं, स्त्राव घेतला. खालच्या कडेला बारीक चिरा दिसत होत्या. मायक्रोस्कोपखाली कॅन्डिडा म्हणजे बुरशी. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं तर त्यात जंतूच नाहीत, म्हणजे निदान त्या वेळची जळजळ तरी लघवीच्या इन्फेक्शनची नव्हती, चिरलेल्या कातडीवर लघवी लागून होत होती. तीन महिन्यांची शुगर नॉर्मल (बुरशी सारखी होते तेव्हा ही बघावीच लागते). पुढच्या वेळी एका बोटानं तपासलं तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताठ लागले, सैल सोडा म्हटलं तर तिला सैल म्हणजे काय हेच कळेना. त्यात ती यूट्यूबवर बघून रोज केगल करत होती. केगल म्हणजे आवळायचा व्यायाम. जे आधीच आवळलेलं आहे ते आणखी आवळून काय होणार, त्रास वाढणारच.

नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट महिनोन्‌महिने राहिलेला. घरून नमुना आणायचा तर तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून लॅबला पोचवावा लागतो, गावातनं ते जमेना आणि लॅबमध्ये द्यायची लाज. शेवटी सकाळी गर्दी नसताना लॅबमध्येच दिला. रिपोर्ट नॉर्मल. तिची पाळी २९ ते ३१ दिवसांनी नेमानं येते, पाळीच्या साधारण आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासलं त्यात अंडं आपोआप सुटतंय हेही दिसलं. मग क्लोमिफेन कशासाठी चाललं होतं, हा प्रश्न मी इथं नुसता ठेवते. इंग्लंडच्या नाइस ह्या संस्थेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की कारण सापडत नसलेल्या वंध्यत्वात अशा अंडं वाढवायच्या गोळ्या देऊ नयेत. आपल्याकडं त्या अजून सर्रास सुरू होतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिचाच, आययूआय. त्यात संबंधाची गरज नाही, बरोबर. पण आययूआयला आत स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, घालावं लागतं, नळी घालावी लागते आणि तिला तर एका बोटाची तपासणी सहन होत नव्हती. पुढं दिवस राहिले तरी तपासण्या आहेत, बाळंतपण आहे. शिवाय पहिल्या प्रयत्नात होईलच असं कुणी सांगू शकत नाही. दुखणं तिथंच राहून नुसता खर्च वाढला असता.

दुसरा, आहे तसंच चालू ठेवायचं आणि सुन्न करायची जेली लावायची. ही जेली तिला कुणीतरी आधी सुचवलेली. दुखणं कळेनासं होतं पण चिरा भरत नाहीत, आणि नवऱ्यालाही बधिरपणा येतो. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा, लॅपरोस्कोपी, म्हणजे भुलीत पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं आत बघणं. खोल दुखणं आणि पाळीच्या आधीची कळ म्हटल्यावर एन्डोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं त्या आजाराची) शंका येतेच, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एन्डोमेट्रिओसिस नाही असं म्हणता येत नाही. बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. पण तोंडाशी एवढी आग असताना खोल दुखणं खरं किती आणि आवळण्यामुळं किती हे वेगळं काढता येत नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं, वरचं आधी मिटवू, मग आतलं काय उरतंय ते दिसेल.

चौथा, तीन महिने ट्रायच बंद, फक्त उपचार. मला हाच पटत होता. वय २९, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वयाप्रमाणं ठीक, तीन महिन्यांनी काही हातातनं जात नव्हतं. पण ती रडायला लागली. 'तीन महिने म्हणजे तीन पाळ्या ताई, घरात मी काय सांगू.' इथं आम्ही अडलो. वैद्यकीय हिशोबात तीन महिने थोडे असतात, पण ज्या घरात दर महिन्याला कपडे वाळत घातलेले बघून सासूला कळतं की ह्या महिन्यातही नाही, तिथं ते थोडे नसतात.

मग पाचवा मधला मार्ग निघाला. संबंध पूर्ण बंद, पण चिरा भरल्यावर चान्सच्या दिवसांत नवऱ्यानं स्वच्छ डबीत वीर्य घ्यायचं आणि बिनसुईच्या नव्या सिरिंजनं तिनं स्वतः योनीत सोडायचं. गर्भाशयात काही घालायचं नाही, नुसतं योनीत. संबंध जमत नसलेल्या जोडप्यांना डॉक्टर हे सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ऐकून आधी दोघं हसले, मग नवराच म्हणाला जमंल की. माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, कारण त्या दिवसापासून दुखणं आणि मूल ह्या दोन गोष्टी एकमेकीपासून सुटल्या.

काय केलं

अँटिसेप्टिक, साबण, खालची जागा धुवायचं व्ही-वॉश सगळं बंद, नुसतं साधं पाणी. बुरशीला रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या सहा रात्री. तोंडानं घ्यायची फ्लुकोनॅझोल टाळली कारण दिवस राहिले असतील तर ती नको. नवऱ्यालाही थोडी खाज होती म्हणून त्याला मलम दिलं. क्लोमिफेन थांबवलं.

लघवी धरायची नाही, हे तिला चित्र काढून समजावलं. लघवीची वाट वेगळी, योनीमार्ग वेगळा, त्यामुळं लघवीनं काही वाहून जात नाही. जे बाहेर ओघळतं ते उरलेलं पाणी, शुक्राणू काही मिनिटांत आत गेलेले असतात. उशी घेऊन पडून राहिल्यानं नैसर्गिक प्रयत्नात फायदा होतो असा पुरावाही नाही. हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'आणि मी पहाटेपर्यंत कळ काढत बसायची.' नवऱ्यानं त्याच आठवड्यात मागच्या खोलीतनं परसात जायचं बंद असलेलं दार उघडून दिलं. समोर पेंडीची पोती रचलेली होती, ती हलवली, झालं. कुठल्या औषधानं झालं नसतं एवढं काम ह्या दारानं केलं असं मला आजही वाटतं.

फिजिओथेरपी मिरजेला. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, मिशन हॉस्पिटल तर १८९४ पासूनचं, पण ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारी बाई फिजिओ शोधायला फोन बरेच करावे लागले. तिनं केगल बंद करून पोटातनं खोल श्वास शिकवला, श्वास घेताना खालचं सैल सोडायचं, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. मग स्वतःचं एक बोट, मग लहान डायलेटर (योनी हळूहळू सैल व्हायला आत घालायची गुळगुळीत कांडी), मग पुढचा. प्रत्येक पायरी न दुखता जमली की पुढं जायचं. मधे एक आठवडा ती मागं गेली, बुरशी परत आली होती, तेव्हा आधी परत तपासलं आणि मग औषध दिलं.

घरात काय सांगायचं हा भाग मी नवऱ्यावर सोडला. त्यानं आईला सांगितलं, 'डॉक्टरनी कोर्स दिलाय, तीन महिने तिला कायबी विचारायचं नाही.' तो स्वतः बोलला म्हणून चाललं. सुनेनं सांगितलं असतं तर शंभर प्रश्न आले असते.

संबंध परत सुरू केले ते चान्सच्या दिवसांत अजिबात नाही, मुद्दाम पाळीनंतरच्या लगेचच्या दिवसांत, जेव्हा त्यातनं काही 'व्हायचं' नसतं. जेली वापरायची ती शुक्राणूंना चालणारी, कारण लॅबमध्ये बघितलं तर बऱ्याच नेहमीच्या जेली आणि थुंकीसुद्धा शुक्राणूंची हालचाल मंदावते. तारखांची पद्धतही बदलली. १९९५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दिवस राहण्याचे दिवस म्हणजे अंडं सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे सहा निघाले. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडं मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून एकच रात्र धरून बसायचं कारण नाही, दर दोन-तीन दिवसांनी जवळ आलं तरी चान्स सुटत नाही. शिफ्टवाल्या घरात हे फार कामाला येतं, आज नाही जमलं तर परवा.

काय झालं

आग साधारण दोन महिन्यांत जवळजवळ गेली. लघवीची जळजळ तर त्याआधीच गेली. चौथ्या महिन्यात संबंध पूर्ण जमले, तिच्या भाषेत 'थोडं ओढल्यागत होतंय, पण भ्या वाटत नाही'. नवऱ्याची ताठरतेची अडचण कुठल्याही गोळीशिवाय मिटली. स्पेक्युलम लावून तपासणी झाली, त्रास नाही.

खोल डाव्या बाजूचं दुखणं मात्र राहिलं. वरचं सगळं मिटल्यावर ते उलट स्पष्ट दिसायला लागलं. पाळीच्या दोन दिवसांत शौचाला बसतानाही कळ येते हे तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. त्यामुळं आता लॅपरोस्कोपी ठरलीय, त्याच भुलीत गर्भनळ्या मोकळ्या आहेत का तेही बघणार, म्हणजे वेगळी डाय टेस्ट नको. हे लिहिते तोवर दिवस राहिलेले नाहीत. द्राक्षाच्या छाटणीचं काम उरकलं की तारीख घेतायत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या जळजळीला लघवीचं कल्चर झालं असतं तर अँटिबायोटिकचे कोर्स बहुतेक वाचले असते, आणि पुढची साखळी लागलीच असती असं नाही. ही काही मोठी तपासणी नाही, तालुक्याच्या लॅबमध्ये होते.

पहिल्या दवाखान्यात अंडं मोजायला दर एक दिवसाआड आतली सोनोग्राफी होत होती, आणि प्रत्येक वेळी ती दात आवळून पडायची. प्रोब घालणाऱ्या माणसाला ते दिसत नसेल असं नाही. तिथं 'एवढं का दुखतंय' म्हणून कुणी थांबलं असतं तर चार महिने वाचले असते.

लॅपरोस्कोपी आधीच करायला हवी होती का, ह्यावर आमच्या दवाखान्यातच दोन मतं आहेत. ज्युनियर डॉक्टरांचं म्हणणं की खोल दुखणं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उगाच काही महिने गेले. मला तसं वाटत नाही, त्या अवस्थेत ऑपरेशन होऊन डाग निघाले असते तरी तोंडाशी आग तशीच राहिली असती आणि मग 'ऑपरेशन करून पण दुखतंय' हे नवीन दुःख. पण तिचं वय ३६ असतं तर मीही दुसऱ्या बाजूला गेले असते.

नवऱ्याला पहिल्याच भेटीत वेगळं बसवायला हवं हे आता आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत करतो. आणि केसपेपरवर एक ओळ वाढवलीय, 'संबंधाच्या वेळी किंवा नंतर त्रास होतो का, हो/नाही'. सुरुवातीला ती ओळ वेटिंग हॉलमध्येच भरून घ्यायचो, सगळ्या 'नाही' लिहायच्या, कारण शेजारी सासू नाहीतर आई. आता सिस्टर त्या पेशंट बाईला लघवीचा नमुना द्यायला आत घेऊन जाते आणि तिथं दारात तोंडी विचारते. तेव्हापासून 'हो' यायला लागलेत.